दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणींनी पन्हाळ्यावर मुक्काम करावा का?

राजारामपुरीकरीण: भाऊबीज झाली की लगेचच्या शनिवारी आम्ही कोल्हापूरच्या पाचजणी पन्हाळ्यावर चाललोय, एक रात्र मुक्काम. नवरे, पोरं घरी. कुणी अडवलेलं नाही, पण पाचही घरांतून प्रश्न एकच: "वीस किलोमीटरवर तर आहे, संध्याकाळी परत या की!"

माझं म्हणणं, मुक्काम नसेल तर बाईला फिरणं अंगी लागतच नाही. गेल्या वर्षी एका दिवसात खिद्रापूर केलं. कोपेश्वराच्या देवळात, स्वर्गमंडपात ४८ खांबांच्या मधोमध उभ्या राहून छताच्या त्या गोल मोकळ्या जागेतून आभाळ बघत होतो आणि एकीची नजर सारखी घड्याळाकडे. तिला कणीक मळायची होती. घरी पोचलो, चपला काढल्या आणि पाचहीजणी आपापल्या ओट्याशी. तुम्हाला काय वाटतं?

किल्लेदाराची आई: ताई, मला नाही पटलं. माझी पोरं दिवाळीत अंगणात चिखल कालवून पन्हाळाच बांधतात. तटावर हळीव पेरतात, रोज सकाळी उगवलं का बघतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेले, त्यात आपला पन्हाळा आहे, हे मला त्यांनीच सांगितलं. अशा पोरांना घरी ठेवून आईनं खऱ्या पन्हाळ्यावर जायचं? मला घास उतरणार नाही. मैत्रिणी वर्षभर आहेत, पोरांची दिवाळीची सुट्टी वर्षातून एकदाच.

लक्ष्मीपुरी: मुक्कामच करायचा तर पन्हाळा कशाला? गोव्याला जावा. मी मागच्या वर्षी गेलतो मैत्रिणींबरोबर, लई भारी वाटलं. जवळ गेलं की घरचे फोन करून करून जीव खातात.

राजारामपुरीकरीण: गोव्याचा बेत आम्हीही केला होता, मे महिन्यात. आमच्यातली एक शिवणकाम करून घर चालवते. ती म्हणाली, "मुलाची परीक्षा आहे." मे महिन्यात कुठली परीक्षा? आम्ही समजलो आणि बेत मोडला. चौघींनी जायचं असतं तर कधीच गेलो असतो. पन्हाळ्याला एसटीनं जाता येतं, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. साधी खोली पाचजणींत वाटून घेतली की तिलाही जमतं. जेवायला झुणका-भाकरी, खर्डा, दही. तिला खोटं बोलावं लागत नाही, मला एवढं पुरे.

मंगळवार पेठ, वय ६८: आमच्या वेळी दिवाळीला माहेर असायचं. चार दिवस आई ताटावरून उठू द्यायची नाही. आता माहेरी भाऊ-भावजय दोघंही नोकरीला. आपण भाऊबीजेला जायचं, ओवाळायचं, भावजयीबरोबर भांडी विसळायची आणि संध्याकाळी परत. मग बाईनं पाठ टेकायची कुठं? माझ्या सुनेला मी स्वतः सांगितलंय, जा बाई. आणि पोरींनो, वाघबीळ आलं की फोन बंद करा. गेल्या खेपेला सून घाट चढत होती आणि माझा मुलगा विचारत होता, हळद कुठल्या डब्यात आहे.

किल्लेदाराची आई: काकू, रात्र हवी हे पटलं. सुट्टीतच का, हे अजून नाही पटलं. सुट्टीत गर्दी, खोल्यांचे दर वाढलेले. जानेवारीत जा, पोरं शाळेत असतात.

राजारामपुरीकरीण: पोरं शाळेत असतात म्हणूनच जानेवारीत निघता येत नाही. शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे साडेसहाला डबा तयार पाहिजे. सुट्टीत डबा नाही, गणवेश नाही, फराळाचे डबे भरलेले आहेत. नवऱ्याला दोन दिवस घर सांभाळता येईल असे वर्षात हेच दिवस.

पण ताई, तुमचं किल्ल्याचं वाचून काल रात्री मी मुलाशी बोलले. पुढच्या रविवारी त्याला नेणार आहे, सज्जाकोठी, अंबारखाना सगळं दाखवायला. तोवर त्यानं एक काम दिलंय. तीन दरवाजाजवळची अंधारबाव त्याला आपल्या किल्ल्यात करायची आहे आणि खाली विहिरीकडे किती पायऱ्या उतरतात ते त्याला नीट माहीत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला मोडायचा नाही, असं ठरलंय. पायऱ्या मोजून आणते.