रॅमचा वेग वाढवावा की सीएल कमी ठेवावा?

खानापूरकर (प्रश्न)

नमस्कार. खानापुरात माझे डीटीपीचे छोटे दुकान असून मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींतल्या लग्नपत्रिका व फलकांचे काम दिवसभर चालते. संगणकात रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, आणि रॅमच्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक आहेत. पाकिटावर ३२०० सीएल१६ (म्हणजे वेग ३२०० आणि विलंबाचा आकडा, सीएल, १६) असे छापलेले असूनही टास्क मॅनेजरमध्ये वर्षभर २४०० हाच आकडा दिसत होता, हे गेल्या आठवड्यात लक्षात आले. तेव्हा बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन मी वेग थेट ३६०० केला आणि सीएल १६ वरच ठेवला. संगणक सुरू झाला. मात्र दोन दिवसांत दोनदा चालू काम अचानक बंद पडले आणि एका गिऱ्हाइकाची झिप फाइल उघडेनाशी झाली. आता वेग उतरवावा की सीएल वाढवावा? सीएल वाढवला तर रॅम संथ होणार नाही का?

टिळकवाडी_हार्डवेअर

आपली शंका रास्त आहे, पण सीएल हा वेळ नसून मागितलेली माहिती रॅमकडून मिळेपर्यंत पडणाऱ्या घड्याळाच्या ठोक्यांची संख्या आहे, आणि वेग वाढला की प्रत्येक ठोका आखूड होतो. सीएलला २००० ने गुणून वेगाच्या आकड्याने भागले की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, आणि ३६०० सीएल१८ म्हणजेही १०. वर्षभर जी रॅम २४०० वर चालत होती, तिचा सीएल बहुधा १७ असणार, म्हणजे विलंब १४ नॅनोसेकंदांहून अधिक. आपण मागितलेले ३६०० सीएल१६ म्हणजे ८.९ नॅनोसेकंद, ३२०० सीएल१६ म्हणून विकलेल्या चिपकडून ही अपेक्षा फार झाली.

आपल्या बाबतीत वेगाला अधिक महत्त्व द्यावे, कारण ५६००जी मधील ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसून ते याच रॅमवर जगते. दोन्ही चॅनेल (रॅम आणि प्रोसेसरमधले मार्ग) मिळून ३२०० ला सेकंदाला ५१.२ जीबी आणि ३६०० ला ५७.६ जीबी इतका कमाल प्रवाह मिळतो. मात्र ३६०० या आकड्यामागचे खरे घड्याळ १८०० मेगाहर्ट्झचे असते, आणि बायोसमधील फॅब्रिक क्लॉकही (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या दुव्याचे घड्याळ) १८०० वरच असला पाहिजे. दोन्हींचे प्रमाण एकास एक राहिले नाही, तर विलंब वाढून मिळवलेला बराचसा वेग वाया जातो.

आधी बायोस मूळ स्थितीवर आणून केवळ एक्सएमपी (रॅमच्या पाकिटावरचा वेग आणि सीएल आपोआप लावणारे सेटिंग) चालू करावे. नंतर वाटल्यास ३६०० ला १८-२२-२२-४२ (पहिला आकडा सीएल, पुढचे इतर विलंबांचे) आणि १.३५ व्होल्ट देऊन पाहावे. रॅम बिघडलेल्या सेटिंगवर असताना सेव्ह केलेल्या फाइलींत चूक शिरलेली असू शकते, म्हणून त्या दोन दिवसांतली कामे छपाईला देण्यापूर्वी अक्षर न् अक्षर तपासावीत. पत्रिकेतला मुहूर्त चुकला तर रॅमचे कारण कोणी ऐकणार नाही!

निपाणीचा_नाना

वरील हिशेब मान्य असला, तरी माझ्या मते पत्रिकांच्या कामासाठी एक्सएमपीवर थांबणे शहाणपणाचे ठरेल. १६ जीबी अपुरी पडून विंडोज डिस्ककडे धावू लागली, तर सीएलच्या एका आकड्याने काही साधत नाही. मात्र रॅम वाढवायचीच असेल, तर आणखी दोन स्टिक जोडण्याऐवजी १६ जीबीच्या दोन घ्याव्यात. चार स्टिक भरल्या की मेमरी कंट्रोलरवरचा (प्रोसेसरमधील रॅम हाताळणाऱ्या भागावरचा) ताण वाढतो आणि वेग अनेकदा उतरवावा लागतो.

अथणीकर

रॅमची चाचणी मेमटेस्ट८६ या प्रोग्रामने करावी, पण केवळ रात्री करू नये. रॅम तापली की चुका वाढतात. आमच्याकडे रात्री निर्दोष ठरलेले सेटिंग एप्रिलमधल्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली चुका दाखवू लागले. खानापूरची हवा थंड खरी. तरीही कॅबिनेटचे झाकण बंद ठेवूनच तपासावे.

खानापूरकर

सर्वांचा आभारी आहे. ३६०० सीएल१८ वर मेमटेस्ट८६ लावले. तिसऱ्या फेरीत पावसाने वीज गेल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, पण दुसऱ्या खेपेस चारही फेऱ्या एकाही चुकीविना पार पडल्या. एक गोष्ट मात्र कळली नाही. सीएल १७ दिला, तरी विंडोजमध्ये १८ च दिसतो.

टिळकवाडी_हार्डवेअर

बायोसमधला गिअर डाउन मोड (रॅम स्थिर राहावी म्हणूनचे सेटिंग) चालू असेल तर विषम सीएल पुढच्या सम आकड्यावर नेला जातो, त्यामुळे १७ चे १८ होतात. तो मोड बंद करता येतो, पण त्याने स्थिरता घटते. आपण १८ च ठेवावा. ती झिप फाइल गिऱ्हाइकाकडून पुन्हा मागवली का?

खानापूरकर

मागवली. नवी प्रत व्यवस्थित उघडली.