केपटाऊनचा समुद्र नेमका कोणता?

कोणतं ठिकाण कोणत्या महासागरात आहे हे सांगणाऱ्या एका यादीत दक्षिण आफ्रिकेचं रॉबेन बेट हिंदी महासागरात टाकलंय, तेवढं बदलायला हवं. ते अटलांटिकमध्ये आहे, केपटाऊनसमोरच्या टेबल बे या उपसागरात. नेल्सन मंडेला 27 वर्षांच्या तुरुंगवासातली 18 वर्षं तिथे होते. चुनखडीच्या खाणीत दगड फोडताना पांढऱ्या दगडावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने त्यांचे डोळे कायमचे अधू झाले. ती खाण अजून आहे. अशा जागेचा समुद्र तरी आपण बरोबर सांगावा असं मला मनापासून वाटतं.

घोळ होतो तो केपटाऊनजवळच्या केप ऑफ गुड होप या भूशिरामुळे. दोन महासागर तिथे भेटतात असं शाळेपासून कानावर पडलेलं असतं. पण आफ्रिकेचं दक्षिण टोक ते नव्हेच. ते आणखी आग्नेयेला, केप अगुल्हास. तिथून जाणारं 20 अंश पूर्व रेखावृत्त ही दोन महासागरांमधली अधिकृत सीमा. अगुल्हास म्हणजे पोर्तुगीजमध्ये सुया: त्या काळी इथे होकायंत्राची सुई बरोबर खऱ्या उत्तरेकडे रोखलेली असे, म्हणून खलाशांनी हे नाव दिलं. काय सुंदर नाव आहे!

पाण्यात मात्र अशी रेघ नसते. पूर्वेकडून अगुल्हासचा उबदार प्रवाह येतो, पश्चिम किनाऱ्याने बेंग्वेलाचा थंडगार, आणि दोन्हींची गाठ पडण्याची जागा सतत सरकत राहते.

त्या यादीतलं बाकीचं, म्हणजे सेंट हेलेना बेट अटलांटिकमध्ये आणि झांझिबार बेटावरचं स्टोन टाउन हिंदी महासागरात, हे दोन्ही बरोबर.