पोर्ट्रेटवर अभिप्राय देताना ‘नाक मोठं आलंय’ म्हणायचं, की ‘दोन पावलं मागे जा’?

खिडकीपाशी:
मागच्या महिन्यात आजीचा फोटो काढला, ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती, मोबाईलवर, अगदी हातभर अंतरावरून. आमच्या फोटोवाल्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं चुका सांगा. पहिला रिप्लाय ‘नाक फार मोठं आलंय’, दुसरा ‘सुरकुत्या जास्त दिसतायत, स्मूथ करा’, तिसरा ‘चेहरा काळा पडलाय, उजळ करा’, आणि मग पंधरावीस जणांचं मस्त, अप्रतिम, अंगठे. आजी शेजारीच होती, म्हणाली काय म्हणतायत गं, वाच की. मला वाचवेना.

आता नाकाचं म्हणणं चूक नव्हतं. मोबाईलची मेन लेन्स साधारण २४-२६ एमएमसारखी वाइड असते, म्हणजे बराच रुंद भाग पकडते, चेहऱ्यानं फ्रेम भरायची म्हणून आपण पुढे पुढे सरकतो, आणि इतक्या जवळून नाकाचं टोक कानापेक्षा बरंच जवळ पडतं म्हणून फुगतं. तेच दोन मीटर मागे जाऊन २एक्स किंवा ३एक्स झूमनं घेतला असता तर नाक जागेवर आलं असतं. म्हणजे चूक माझ्या उभं राहण्यात होती, आजीच्या नाकात नव्हती! माझं म्हणणं एवढंच, की पोर्ट्रेटवर बोलताना फोटो काढणाऱ्याच्या हातात जे होतं त्यावर बोला: अंतर, उजेड, फोकस, मागची भिंत. चेहरा त्या माणसाचा असतो, तो आपण दुरुस्त करायला बसलेलो नसतो. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक:
नाही पटलं. मी बारा वर्षं फोटो क्लबात जातोय. माझ्या पहिल्या प्रिंटवर एका ज्येष्ठांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘डोळे मेलेत’. लागलं मनाला, पण घरी येऊन बघितलं तर खरंच डोळ्यांत उजेडाचा ठिपका नव्हता, दुपारी बाराच्या उन्हात काढलेला, भुवयांची सावली सरळ डोळ्यांत. तेव्हापासून माणसाला झाडाच्या नाहीतर पडवीच्या सावलीत उभं करून तोंड उजेडाकडे वळवतो. बघणाऱ्याला जे पहिलं खटकतं ते त्यानं सांगावं, त्याचं कारण शोधणं आपलं काम. नवख्या माणसाला लेन्सचं गणित कुठून येणार? त्याला म्हणाल की नीट शब्दांत सांगता येत नसेल तर बोलू नको, तर मागे फक्त ‘मस्त’वाले उरतील, आणि त्या मस्तनं आजपर्यंत कुणाचाही फोटो सुधारलेला नाही.

खिडकीपाशी:
मस्तवाल्यांबद्दल शंभर टक्के मान्य. पण ‘डोळे मेलेत’ हे तुम्हाला सांगितलं, ज्याचा फोटो होता तो तिथं बसला नव्हता ना? इथं आजी ऐकत होती, फरक आहे तो.

स्टुडिओवाला काका:
पोरांनो, त्या ‘उजळ करा’बद्दल कुणीच बोललं नाही आणि माझ्या मते सगळ्यात वाईट तेच आहे. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर अख्खी फ्रेम मधल्या करड्या रंगावर आणायला बघतं. आजी पांढऱ्या लुगड्यात, मागे चुन्याची भिंत, मग ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, खाली ओढणारच आणि चेहरा खरोखर काळवंडणार. अशा वेळी ‘अंडर आहे, उजेड कमी पडलाय, एक्स्पोजर थोडं प्लस द्या’ ही कामाची सूचना. पण एक्स्पोजर बरोबर असूनही जो उजळ करा म्हणतो तो फोटोबद्दल बोलतच नाही, सावळ्या रंगाबद्दल बोलतो. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची शर्ली कार्डं असायची, त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाईच, मग सावळ्या माणसांचे प्रिंट कसे यायचे ते आम्ही बघितलंय.
मात्र खिडकीपाशीताई, स्मूथ करण्यावर तुमच्याशी भांडण आहे माझं. गिऱ्हाईक स्वतः येऊन म्हणतं, काका डाग काढा. काढतो मी! आजीला विचारलं का तुम्ही तिला सुरकुत्या हव्यात का? तुम्हाला आवडतात म्हणून ठेवल्यात.

मॅन्युअल मोड:
घेणाऱ्याचीही जबाबदारी असते की. ‘चुका सांगा’ म्हटल्यावर लोक सगळंच सांगणार. ‘उजेड डावीकडून पुरेसा आहे का, हात ठेवू की क्रॉप करू’ असं विचारा, उत्तरं पण तशीच येतात. आणि आलेली प्रत्येक सूचना पाळू नका. १९३६ मध्ये डोरोथिआ लँगनं कॅलिफोर्नियात काढलेला तो शेतमजूर आईचा फोटो घ्या, मायग्रंट मदर. खाली कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला अंगठा होता, लँगला तो खटकायचा, तिनं पुढं निगेटिव्हवरच पुसट करून घेतला. तिच्या साहेबांना ते अजिबात आवडलं नाही. एकाला दोष वाटला, दुसऱ्याला तो पुरावा वाटला, आणि दोघंही जाणकार.

खिडकीपाशी:
आणि त्या आईचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळायला १९७८ उजाडलं. अंगठ्यावर वाद झाला, बाईला कुणी विचारलं नाही. काका, तुमचं बरोबर आहे, मीही आजीला विचारलं नव्हतं. काल विचारलं. म्हणाली सुरकुत्या राहू देत, पण पदर नीट घेतला असता की गं.

म्हणून आज सकाळी परत काढला, पदर नीट, मी दोन मीटर मागे, भावाचा कॅमेरा, ८५ एमएमची लेन्स, एफ १.८, म्हणजे लेन्सचं भोक बरंच उघडं. रोखठोक, मुद्दाम तुम्हालाच विचारते, फोकस बरोबर पडलाय का?

रोखठोक:
नाक, उजेड दोन्ही छान. फोकस चुकलाय. झूम करून बघा, कानातली कुडी धारदार आहे आणि जवळचा डोळा मऊ. १.८ला एवढ्या अंतरावर जेमतेम चारसहा सेंटीमीटर खोलीच धारदार येते. एफ ४ करा, भोक लहान होऊन ती खोली वाढेल, फोकसचा पॉइंट जवळच्या डोळ्यावर ठेवा, आणि उद्या पुन्हा बसवा आजीला. हे तिला वाचून दाखवलं तरी चालेल.