जर्मनीतले पहिले पंधरा दिवस : कुठला कागद कुठे अडतो?

जर्मन विद्यापीठांत हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतात, त्यामुळे बरीच मुलं सप्टेंबरअखेर पोचतात. या धाग्यावर शुभेच्छा नकोत. काय आधी करायचं, काय अडतं आणि का, तेवढंच लिहा.

आखेनहून
सगळ्याचं मूळ आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी. घरात राहायला आल्यापासून २ आठवड्यांत करायची असते. नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाच्या सहीचं वेगळं पत्र लागतं. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. (म्हणता नाही आलं तर कागदावर लिहून दाखवा!) किल्ली घेतानाच ते मागा. पोटभाड्याने राहत असाल तर मूळ भाडेकरू ते देऊ शकतो. 'खोली आहे, पण आनमेल्डुंग होणार नाही' असं कोणी म्हणालं, तर भाडं कितीही कमी असो, ती खोली सोडा. या नोंदणीवाचून कर-क्रमांक येत नाही, निवास परवाना अडतो, काही बँका खातंही उघडत नाहीत. नोंदणी कार्यालयाची वेळ, इथल्या भाषेत टेर्मिन, पत्ता पक्का झाला की भारतातूनच घेऊन ठेवा.

ड्रेस्डेनहून
वरच्या प्रतिसादाला जोड : पत्रपेटी. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं. इमारतीत खोली क्रमांक विचारत फिरण्याची इथे पद्धत नाही. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, कर-क्रमांक, सगळं पोस्टाने येतं, त्यामुळे एक चिठ्ठी चिकटवायची राहिली की महिना वाया. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं आणि बँक ते सगळं छापते. पेटीवर आडनाव हवंच, तेही पासपोर्टातल्याच स्पेलिंगने. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर निघण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

म्युनिकहून
पैशांचं गणित. श्पेरकोन्टो या व्हिसासाठी उघडायच्या गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो असले तरी महिन्याला ९९२ युरोच सुटतात, तेही इथलं चालू खातं जोडल्यावर. पहिलं भाडं आणि अनामत त्याआधीच द्यावी लागते, म्हणून वेगळी रक्कम हाताशी हवी. अनामत जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते आणि कायद्याने ती ३ समान मासिक हप्त्यांत भरायची मुभा आहे. घरमालक हे आपणहून सांगत नाहीत. जाहिरातीत 'काल्ट' लिहिलेलं भाडं गरम पाणी, हीटिंग वगैरे सोडून असतं. घरांची तुलना 'वार्म', म्हणजे हे सगळं धरलेल्या भाड्यावर करा.

पुन्हा आखेनहून
आरोग्य विमा राहिला. तिशीच्या आतल्यांनी सरकारी व्यवस्थेतला घ्यावा. स्वस्त खासगी विम्यासाठी सरकारी विम्यातून एकदा सूट घेतली की त्या शिक्षणक्रमात परत फिरता येत नाही. सरकारी विमा सत्राबरोबर सुरू होतो, त्यामुळे त्याआधीच्या दिवसांसाठी प्रवास विमा लागतोच.

श्टुटगार्टहून
स्वयंपाकघराकडे कोणीच वळलं नाही! दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानातून आणायला बंदी आहे, म्हणजे तूप आणि पेढे घरीच ठेवा. ताजा कढीपत्ताही नको. गोडा मसाला, कोरड्या चटण्या खुशाल आणा. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. काचेच्या साध्या विजेच्या शेगडीवर चालतो, पण बूड सपाट हवं. ही शेगडी बंद केली तरी बराच वेळ गरम राहते, म्हणून मोहरी तडतडली की आच कमी करत बसू नका, भांडंच उचला. फोडणीच्या आधी खिडकी उघडा आणि खोलीचं दार लावून घ्या. धूर बाहेर जाऊ दे म्हणून दार उघडलं तर खोलीबाहेरच्या बोळातला धूरसूचक वाजतो, आणि तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असला तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.
विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट. दोन बारीक पिनांचे चार्जर बसतात, तीन पिनांच्या प्लगला ॲडॉप्टर लागतो.

ब्रेमेनहून
नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रुंडफुंकबाइट्रागचं पत्र येतं : रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो, घरटी एक. टीव्ही नाही म्हणून फेकून देऊ नका, मागची बाकी चढते. सामायिक घरात कोणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवला की सुटका.

ड्रेस्डेनहून
३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, दुकानं बंद. रविवारीही बंदच. शनिवारी संध्याकाळी पोचणाऱ्यांनी सोमवारपर्यंतचा शिधा बरोबर ठेवावा. नाहीतर मोठ्या स्टेशनातली महाग दुकानं. आणि पाण्याची बाटली चुरगाळू नका. रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राला तिच्यावरची खूण वाचता आली तरच बाटलीच्या अनामतीचे २५ सेंट परत मिळतात.