लासेन चाचणी आणि केल्डाल: दोन ठिकाणी अडलंय

कोथरूडची_अकरावी: नमस्कार. परीक्षा आणि सीईटीसाठी दोन शंका आहेत. पहिली लासेन चाचणीची (पदार्थ सोडियमबरोबर वितळवून काढलेल्या पाण्यातल्या अर्कात नायट्रोजन, गंधक, हॅलोजन ओळखणं), दुसरी केल्डाल पद्धतीची (संयुगातला नायट्रोजन अमोनियात बदलून त्याची टक्केवारी काढणं).
१) अ‍ॅनिलिनमध्ये हॅलोजन नाही, तरी सोडियम अर्कात सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरा अवक्षेप का येतो?
२) ०.३५ ग्रॅम संयुग. अमोनिया ५० मिली ०.१ मोलार सल्फ्युरिक आम्लात शोषला, उरलेल्या आम्लाला ०.१ मोलार कॉस्टिक सोडा ६० मिली लागला. नायट्रोजन किती टक्के? माझी वजाबाकी ऋण येते!

रसायन_सदाशिव: पहिल्याचं सांगतो. अ‍ॅनिलिनमधल्या कार्बन आणि नायट्रोजनपासून अर्कात सायनाइड बनतं, तो अवक्षेप म्हणजे सिल्व्हर सायनाइड. तो अमोनियातही विरघळतो, त्यामुळे हुबेहूब क्लोराइडसारखा फसवतो. म्हणून आधी अर्कात संहत नायट्रिक आम्ल घालून निम्मा होईपर्यंत उकळवायचा. सायनाइड आणि सल्फाइड वायू होऊन निघून जातात. हे फ्यूम हूडमध्येच करा, हायड्रोजन सायनाइड जीवघेणा आहे. गार झाल्यावरच सिल्व्हर नायट्रेट.
तरीही दुधाळ दिसलं तर पाणी तपासा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतोच. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट टाकून बघा, स्वच्छ राहिलं पाहिजे.
आणि अर्क तपकिरी निघाला तर फ्यूजन (सोडियमबरोबर वितळवणं) अर्धवट झालंय, पुढच्या चाचण्या करूच नका. मुगाएवढा सोडियम फिल्टर पेपरवर टिपून घ्या, वितळून चकाकला की मग पदार्थ घाला, नळी लालबुंद होऊ द्या.

मोल_मोजणारा: दुसरी शंका: सल्फ्युरिक आम्लाचा एक रेणू दोन प्रोटॉन देतो, तिथेच गणित घसरतंय. ५० × ०.१ × २ = १० मिलिइक्विव्हॅलंट (म्हणजे इथे प्रोटॉनचे मिलिमोल). सोड्याने खाल्ले ६, अमोनियाने ४. नायट्रोजन ४ × १४ = ५६ मिग्रॅ, म्हणजे ५६ ÷ ३५० × १०० = १६ टक्के. पेपरात ‘मोलार’ (लिटरमागे मोल) की ‘नॉर्मल’ (लिटरमागे इक्विव्हॅलंट) हे आधी अधोरेखित करा.
केल्डाल नायट्रो, अ‍ॅझो आणि पिरिडिनला चालत नाही, कारण त्यांचा नायट्रोजन पूर्णपणे अमोनियम सल्फेटमध्ये येत नाही. तिथे ड्युमा पद्धत (नायट्रोजन वायू गोळा करून मोजणं), त्यात जलबाष्पाचा दाब वजा करायला विसरू नका.

कोथरूडची_अकरावी: १६ आलं, धन्यवाद! नायट्रोजन आणि गंधक दोन्ही असतील तर लासेनमध्ये नायट्रोजनचा निळा रंग (प्रशियन ब्लू) येणारच नाही का?

रसायन_सदाशिव: सोडियम कमी पडला तर थायोसायनेट होतं आणि फेरिक आयनाने रक्तासारखा लाल रंग येतो. सोडियम जास्त असेल तर त्याचं विघटन होऊन सायनाइड आणि सल्फाइड वेगवेगळे मिळतात. मग निळाही येतो आणि गंधकासाठीच्या नायट्रोप्रुसाइड चाचणीचा जांभळाही. हायड्रॅझिनमध्ये मात्र कार्बनच नाही, म्हणून सायनाइड बनत नाही आणि निळा येत नाही. हा प्रश्न सीईटीसाठी पक्का करून ठेवा.