पुण्यात ६ मजली संशोधन प्रयोगशाळा: लवचीकता नेमकी कशात ठेवावी?

आराखडा_पुणे
नमस्कार मंडळी. पुण्यात एका संशोधन इमारतीचा आराखडा चालू आहे. प्लॉट अरुंद, तोंड पश्चिमेला, समोर वर्दळीचा रस्ता. दर मजल्याला साधारण ६०० चौ. मी. आत्ता रसायन आणि जीवशास्त्राचे गट येणार. पाच वर्षांनी कोण येईल, कुणालाच ठाऊक नाही. इमारतीची उंची २४ मीटरच्या आत ठेवायचीय, म्हणून आर्किटेक्टनी ३.६ मीटरचे ६ मजले काढलेत. ४.५ धरले तर एक मजला जातो. क्लायंटला चाकांची टेबलं, सरकती पार्टिशनं, पश्चिमेला काच आणि गच्चीवर सोलर हवंय. एवढ्यावर काम भागेल का? आणि फ्यूम हुड (वर-खाली सरकणाऱ्या काचेचं, घातक वाफा ओढून घेणारं कपाट) सगळ्याच मजल्यांवर द्यावेत का?

डक्टवाला
मजला जाऊ द्या. ३.६ मधून स्लॅब-बीमचे ०.७५, डक्टचे (हवा नेणाऱ्या नळाचे) ०.६५ आणि पाइप-केबल ट्रेचे ०.३ वजा केले की हाती १.९ मीटर उरतात. ४.५ धरलं तरच २.८ मीटरचं छत मिळतं.

वीज हवेत जाते, दिव्यांत नाही. १८०० मिमीच्या हुडचं तोंड साधारण १.५ मी. रुंद आणि काच ०.४५ मी. वर, ०.५ मी./से. वेगाने तो ताशी सुमारे १,२०० घनमीटर हवा ओढतो. ६.६ × ९ मीटरच्या खोलीत ताशी ६ वेळा हवा बदलायला १,००० सुद्धा लागत नाही. म्हणजे एक हुड अख्ख्या खोलीपेक्षा भारी. ती हवा परत फिरवता येत नाही, आणि पुण्याच्या पावसाळ्यात तिचा दमटपणा काढायला हुडमागे सुमारे ४ टन कूलिंग लागतं. २४ हुड म्हणजे जवळपास १०० टन. गच्चीवर पंखे आणि चिमण्या मांडून उरलेल्या जागेतलं सोलर त्यापुढे किरकोळ.

म्हणून हे २४ हुड वरच्या दोन मजल्यांवर, १२-१२ ठेवा, डक्ट आखूड होतात. पंखे गच्चीवरच, म्हणजे इमारतीतल्या डक्टमध्ये ऋण दाब राहतो आणि गळती झाली तरी आतच ओढली जाते. सामायिक एक्झॉस्टला (बाहेर फेकायच्या हवेला) एक पंखा जादा. परक्लोरिक आम्लाचा हुड मात्र स्वतंत्र. चिमणी गच्चीपासून निदान ३ मीटर वर, हवा १५ मी./से. ने बाहेर. डक्ट पीपी-एफआरपीचा (पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिक, वरून फायबरग्लास), कारण हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफांपुढे स्टेनलेस टिकत नाही. हुडच्या डक्टमध्ये फायर डँपर (आगीत बंद होणारी झडप) बसवत नाहीत, त्यामुळे शाफ्टच (डक्ट वर नेणारी उभी पोकळी) आगरोधक लागतो. हे आर्किटेक्टना आजच सांगा.

व्हीएव्ही (काच जितकी उघडी तितकीच हवा ओढणारी यंत्रणा) जरूर घ्या, पण काच खाली ओढायची सवय नसेल तर तो नुसता महागडा डँपर. एक्झॉस्ट घटला की सप्लाय (आत सोडलेली हवा) काही सेकंदांत मागोमाग घटला पाहिजे. नाहीतर दार उघडत नाही किंवा शिट्टी वाजवतं. एन्थाल्पी व्हील (बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेत उष्णता-दमटपणाची देवाणघेवाण करणारं चाक) हुडच्या हवेवर लावू नका, वास परत येतो. दमटपणा काढायला थंड केलेली हवा पुन्हा कोमट करायला इलेक्ट्रिक हीटरऐवजी रन-अराउंड कॉइल (नळ्यांत पाणी फिरवून एकीकडची उष्णता दुसरीकडे नेणारी) वापरा.

स्तंभ_आणि_तुळई
वर दोनच मजल्यांचं डक्टवाल्यांनी सांगितलं, ते आजच्यापुरतं ठीक. पण शाफ्ट तळापासून वरपर्यंत द्या आणि एक तृतीयांश रिकामा ठेवा. १२ हुडांच्या मजल्याला ८ मी./से. ने अर्धा चौ. मी. डक्ट लागतो. नंतर स्लॅब फोडून शाफ्ट काढणं म्हणजे डोकेदुखी.

खांबांचं ग्रिड ६.६ मीटरचं, म्हणजे ३.३ चे दोन मॉड्यूल: दोन्हीकडे ७५० मिमीचं टेबल, मध्ये दीडेक मीटर वाट, बाकी पार्टिशनमध्ये. मजल्यावर ५ किलोन्यूटन प्रति चौ. मी. लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) धरा. पोस्ट-टेन्शन स्लॅब (आत ताणलेल्या पोलादी केबलचा) इथे नकोच, पुढे पाइपांसाठी भोक पाडताना केबल तुटायची भीती.

सूक्ष्मदर्शक आणि लेसर तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या, बाकी इमारतीपासून सांध्याने वेगळ्या केलेल्या स्लॅबवर. रस्त्याकडे नाही, मागे. वर न्यायचेच तर खांबाजवळ. स्पॅनच्या मध्यावर चालणाऱ्यांच्या पावलांचा धक्का सगळ्यात जास्त. कंपनाच्या मर्यादेच्या श्रेणी असतात: व्हीसी-ए म्हणजे ५० मायक्रोमीटर/से., पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला बहुधा व्हीसी-डी, ६.२५ लागतं. तळघर टाळा, पाणी शिरतं.

आराखडा_पुणे
आभारी आहे. मग चाकांच्या टेबलांचं काय? क्लायंट त्यावरच अडून बसलाय.

नळजोड
टेबलं फिरवा, सिंक फिरवू नका. सिंक, हुड, आय-वॉश (अपघातात डोळे धुण्याचा नळ), शॉवर भिंतीलगत पक्के. मधल्या टेबलांना छतावरच्या बसबारमधून (हवं तिथे जोडणी घेता येणाऱ्या वीजपट्टीतून) वीज आणि क्विक-कनेक्टमधून गॅस. ड्रेनेज पीपीचा, उताराचा, तळाशी न्यूट्रलायझेशन टाकी (आम्ल-अल्क उदासीन करणारी), तिला नमुना घ्यायचं चेंबर. सॉल्व्हंट सिंकमध्ये जाणारच नाही असं धरू नका.

आरओचं रिजेक्ट (टाकाऊ पाणी) आणि एसीचं कंडेन्सेट (ठिबकणारं पाणी) दोन वेगळ्या पाइपांनी न्या. कंडेन्सेट कूलिंग टॉवरला चालतं. रिजेक्ट क्षारांचं, ते फ्लशिंगला.

द्रव नायट्रोजनच्या खोलीत ऑक्सिजन सेन्सर हवाच: १ लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो आणि तो खोलीतल्या ऑक्सिजनची जागा घेतो.

डक्टवाला
पश्चिमेची काच राहिली. तिकडे प्रयोगशाळा नको, लिहायच्या जागा काढा, बाहेरून उन्हाला अडवणाऱ्या उभ्या फिन (पट्ट्या) लावून. लॅबमधलं प्रत्येक लिहायचं टेबल लॅबच्याच महागड्या हवेत बसतं. ती खोली वेगळी केली की तिथे हवा फिरवता येते, हिवाळ्यात खिडक्याही उघडता येतात.

साल्क इन्स्टिट्यूटमध्ये लुई कान यांनी प्रत्येक लॅबवर पाइपांसाठी वेगळा मजलाच दिला. तुमच्या २४ मीटरमध्ये ते बसणार नाही, म्हणून स्लॅब-बीमखालच्या एक मीटरची वाटणी आत्ताच कागदावर ठरवा: वर डक्ट, मध्ये ट्रे, खाली पाणी. नाहीतर साइटवर जो आधी येईल तो चांगली जागा घेऊन बसेल.