मदत हवी आहे: गावातल्या वाचनासाठी निसर्गलेखन सुचवा

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, नायगावच्या मयूर अभयारण्याजवळ. वाचनालयात दर रविवारी दहा-बारा शेतकरी आणि नववी-दहावीची पोरं जमतात, मी मोठ्यानं वाचून दाखवतो.

तळ्याकाठी झोपडी बांधून कमी गरजांत राहिलेल्या अमेरिकन लेखक थोरोच्या ‘वॉल्डन’पासून (१८५४) सुरुवात केली, दुर्गाबाई भागवतांच्या मराठी अनुवादातून. पहिलं लांबलचक प्रकरण जड गेलं, माणसं गळाली. मग मधलंच घेवड्याच्या शेताचं प्रकरण काढलं. अडीच एकरांची खुरपणी, बियाण्याचा, नांगरटीचा खर्च, हाती आलेले पैसे, सगळं त्यानं मांडलंय. सोयाबीनवाले हलेचनात! एका आजोबांनी तो हिशेब पुन्हा वाचायला लावला. दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ त्या त्या महिन्याला वाचतो, तेही रुजलंय. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांतलं जंगल आवडतं, पण पोरं म्हणतात, “सर, हे आपल्याकडचं नाही.” आपल्याकडं खडकाळ माळ, बोरी-बाभळी, मोर, चिंकारा.

इंग्रजी चालणार नाही. वीस-पंचवीस मिनिटांत संपावं. ‘झाडे लावा’ छापाचा उपदेश नको. लिहिणारा स्वतः तसा जगलेला हवा.

तर ‘वॉल्डन’मधलं पुढचं कोणतं प्रकरण घेऊ? आणि माळरान, गवत, आटलेली विहीर, कमी गरजांत जगणं यावर मराठीत नेमका कोणता लेख वाचू?